खोट्या डिलेवरची टिकटिक

त्या खोलीला खिडकी नव्हती. यंत्रांना धूळ आणि ऊब दोन्ही चालत नसे, म्हणून एसी सकाळपासून सुरू असायचा आणि बाहेर बंगळूरचं डिसेंबरातलं कोवळं ऊन पडलेलं असलं तरी आत आम्ही कुडकुडत बसायचो. मी नागपूरची, त्यामुळे थंडी काही नवी नव्हती. पण ही थंडी दिवसभर एका जागी बसून अंगात मुरवून घ्यावी लागे. आईने दिलेली तपकिरी शाल मी रोज गळ्याभोवती गुंडाळून जायचे आणि संध्याकाळी तशीच परत यायचे.

नव्वदीचं दशक तेव्हा मध्यावर आलं होतं. मी अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि माझं त्या महिन्यातलं काम ऐकायला अगदी साधं होतं. दोन सिग्नल एकाच वेळी पोचवायचे.

टेबलावर दोन डिटेक्टर समोरासमोर बसवलेले होते. त्यांच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीत किरणोत्सारी सोडियमचा एक कण. त्यातून एकाच क्षणी दोन किरण निघत, एक या डिटेक्टरकडे आणि दुसरा बरोबर उलट दिशेला, त्या डिटेक्टरकडे. ही जुळी भावंडं. पण पुढे दोघांचे सिग्नल वेगवेगळ्या तारांमधून आणि वेगवेगळ्या यंत्रांमधून जात, आणि एक आधी पोचे, दुसरा मागून. मग जो आधी पोचतो त्याला उशीर करायचा. सिग्नलला काही धरून ठेवता येत नाही, फक्त लांबच्या वाटेने पाठवता येतं. त्यासाठी डिले बॉक्स असे. पत्र्याची पेटी, आत तारेची वेटोळी, वर खटक्यांची रांग. एक खटका खाली केला की सिग्नल आणखी एका वेटोळ्यातून फिरून यायचा. हे सगळं नॅनोसेकंदांत चालायचं, पण मॉनिटरच्या हिरव्या पडद्यावर ते डोळ्यांना दिसे. जुळ्यांचा सुळका खटक्यागणिक सरकत सरकत मधोमध येऊन उभा राहायचा.

नेमका डिले सापडला की मग तो मुद्दाम बिघडवायचा. आम्ही त्याला खोटा डिले म्हणायचो. एका सिग्नलला इतका उशीर करायचा की खरी जुळी एकत्र पोचणं शक्यच नाही. तरीही यंत्र अधूनमधून जोडी मोजतंच, कारण कुठला तरी एक परका किरण आणि दुसरा परका किरण निव्वळ योगायोगाने एकत्र येतात. ते योगायोग किती, हे मोजून खऱ्या आकड्यातून वजा करायचे. आमच्या यंत्राला एक लहानसा स्पीकर जोडलेला होता. जोडी जुळली की त्यातून टिक् असा आवाज यायचा. खऱ्या डिलेवर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज. खोट्या डिलेवर शांतता, आणि बऱ्याच वेळाने एखादी टिक्.

त्या सकाळी मी खोटा डिले लावून ठेवला, यंत्र शांत असल्याची खात्री केली आणि शाल खुर्चीवर ठेवून प्रिंट आणायला वरच्या मजल्यावर गेले. नाही, चुकलं. शाल तोवर दाराजवळच्या खुंटीला होती, जाताना मी ती अंगावर घेतली. हे मला नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहावं लागलं. मी शाल पांघरून वर गेले, प्रिंट घेतले, परत आले आणि दार उघडून टेबलाजवळ बसले.

टिक्. टिक्. टिक् टिक्.

मी डिले बॉक्सचे खटके तपासले. जागच्या जागी होते. तारांची टोकं दाबून पाहिली. टिकटिक चालूच. कंटाळून मी कॉफीला गेले. परत येऊन नोंदीचा आलेख पाहिला तर मी बाहेर होते तेवढा वेळ रेघ खाली, तळाशी पडलेली होती. आणि मी आलेख पाहत उभी होते तेव्हा रेघ माझ्या डोळ्यांदेखत वर चढू लागली.

मी एक पाऊल मागे गेले. टिकटिक विरळ झाली. दारापर्यंत गेले. थांबली. पुन्हा टेबलाकडे चालत आले. टिक्... टिक्... टिक् टिक् टिक्. मानेवरचे केस उभे राहिले असं आपण नुसतं म्हणतो. त्या दिवशी ते खरंच उभे राहिले. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी जवळ आल्याचं त्या यंत्राला कळत होतं.

त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. तारा हलत असतील, एसीची मोटार लागत-सुटत असेल, अशी कारणं स्वतःला देत राहिले. माझे मार्गदर्शक सर परदेशी गेले होते. माझ्याहून सीनियर एक केरळचा मुलगा होता, पण तो पलीकडच्या खोलीत आपला थीसिस लिहीत बसलेला. ‘मी जवळ गेले की यंत्र ओरडतं’ हे त्याला कसं सांगायचं, हेच मला कळेना.

घरी आले तर घरीही बरं नव्हतं.

मी राजाजीनगरात एका कुटुंबाच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरमध्ये राहिलेलं मराठी घर. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी असायची. चौकात भांड्यांचं दुकान चालवणारे अण्णा, त्यांची बायको अक्का, होसूरच्या कारखान्यात शिफ्टवर जाणारा मुलगा आणि पहिलटकरीण सून. सुनेला सातवा महिना लागला होता. ती माझ्याहून लहान होती, तुमकूरची, आणि सासूला कानडी रीतीने ‘अत्ते’ म्हणायची.

अक्का नोव्हेंबरच्या शेवटी हुबळीला बहिणीकडे जाऊन आल्या, आणि आल्या त्या वेगळ्याच होऊन आल्या. तोवरच्या अक्का घरभर बोलत फिरायच्या. आता त्यांचा आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसे, आणि काही विचारलं की उत्तर येईपर्यंत आपल्याला वाटावं, यांनी ऐकलं की नाही? मग बऱ्याच वेळाने, आपण विषय सोडून दिल्यावर, उत्तर येई. त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकेनाशा झाल्या. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, तो त्या स्वतःच घासत आणि कुणाला हात लावू देत नसत. कपडे स्वतः धुवून गच्चीच्या टोकाला वेगळ्या दोरीवर वाळत घालत. झोपायला गच्चीवरच्या माझ्या खोलीशेजारी अडगळीची खोली होती, ती रिकामी करून घेतली.

त्या संध्याकाळी सून जिन्याच्या पायथ्याशी माझी वाट पाहत उभी होती.

“ताई, तुम्ही वर अत्तेंच्या शेजारी राहता. तुम्हाला भीती नाही वाटत?”

“कसली?”

ती इकडेतिकडे पाहत खालच्या आवाजात म्हणाली, “त्या माझ्याकडे बघत नाहीत. मी समोर आले की मागे सरतात. भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे मागे जातात, ताई. काल मी पाणी घेऊन गेले तर दार लावून घेतलं. आतनं म्हणाल्या, जा. तो त्यांचा आवाज नव्हता.”

“घसा बसला असेल.”

“घसा बसला की माणूस आपल्या सुनेला घाबरतं?” तिने पोटावर हात ठेवला. “त्यांना यात काहीतरी दिसलंय. वाईट काहीतरी. म्हणून जवळ येत नाहीत. नाहीतर हुबळीहून दुसरंच कोणतरी त्यांच्यासारखं होऊन आलंय.”

तुमकूरच्या तिच्या आईने एका माणसाला आणायचं ठरवलं होतं. तो घरात येऊन काही विधी करणार होता. नाहीतर ती तिला माहेरी घेऊन जाणार आणि परत पाठवणार नव्हती. मी सुनेला काय समजावलं ते आठवत नाही. फारसं समजावलंच नसावं, कारण त्या दिवशी माझ्याच अंगावर काटा होता.

वर आले तर अक्का गच्चीच्या कठड्याशी नेहमीसारख्या बसलेल्या. संध्याकाळी त्या तिथे बसत आणि मी माझ्या दाराशी, मध्ये गच्चीची अख्खी रुंदी. हुबळीहून आल्यापासून त्यांना थंडी सोसत नसे. पहिल्याच संध्याकाळी त्यांना कापताना पाहून मी माझी शाल दिली होती, आणि मग तो नेमच झाला. मी आले की शाल कठड्यावर ठेवायची, त्यांनी ती डोक्यावरून घेऊन नाकातोंडाभोवती लपेटायची, झोपायला जायची वेळ झाली की घडी करून माझ्या दाराशी ठेवायची. त्या दिवशीही मी तेच केलं.

“अक्का, बरं नाही का वाटत?” मी विचारलं.

खालच्या रस्त्यावरून एक ऑटो गेली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी आत जायला वळले तेव्हा पाठीमागून आवाज आला, “सरी आहे गं, ठीक आहे. स्वल्प थंडी, तेवढंच.”

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत टिकटिक पुन्हा सुरू झाली, आदल्या दिवसापेक्षा जोरात. आता मात्र मी केरळच्या सीनियरला बोलावलं. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण ते बोलणं मला मराठीतच आठवतं.

“तू बाहेर जा,” तो म्हणाला. मी बाहेर गेले. दार लोटलं.

“आता ये.”

मी आत आले. तो यंत्राकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मी जवळ येत गेले तसा त्याचा चेहरा बदलत गेला. मग तो स्वतः बाहेर जाऊन आत आला. यंत्र गप्प. मला म्हणाला, आता तू. मी दोन पावलं पुढे टाकली आणि टिकटिक सुरू झाली. त्याने एकेका डिटेक्टरचे वेगळे आकडे लावून पाहिले.

“दोन्हींची मोजणी वाढतेय,” तो म्हणाला. “गर्दी दुप्पट झाली की योगायोग चौपट होतात, म्हणून तुला खोट्या डिलेवर आधी कळलं. यंत्र ठीक आहे. डिले ठीक आहे.” मग त्याने विचारलं, “तू कुठला किरणोत्सारी सोर्स हाताळलास?”

“हा एकच. तोही चिमट्याने.”

“सांडलं काही? फुटलं? हात धुतले होतेस?”

मी हात धुवून आले. कोपरापर्यंत, साबण लावून, चामडी लाल होईपर्यंत. आत आले. टिक् टिक् टिक्.

ज्यांनी या खोल्यांमध्ये काम केलं आहे त्यांना त्या क्षणी काय वाटतं ते ठाऊक असेल. बाहेर लागलेलं धुता येतं. धुऊनही जात नसेल तर ते आत आहे. श्वासातून गेलं, जेवणातून गेलं, कुठून तरी गेलं आणि आता माझ्या हाडांत, माझ्या रक्तात कुठेतरी बसून ते या यंत्राला हाका मारतं आहे. मी खुर्चीवर बसले. मला आई आठवली, आणि का कोण जाणे, पोटावर हात ठेवून उभी असलेली ती सून आठवली.

सीनियर सुरक्षा विभागातून हातात धरायचा मीटर घेऊन आला. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, मीटर माझ्या पायांपाशी धरला आणि हळूहळू वर आणू लागला. गुडघे. पोट. काटा जेमतेम हलत होता. छाती. काटा सरकू लागला. गळ्यापाशी आला तसा तो उजवीकडे झुकला आणि थरथरत तिथेच राहिला.

दोघांनाही कळलं होतं की तो काय शोधतो आहे. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत साठून राहिलेलं काही.

“शाल काढ,” तो म्हणाला.

मी शाल काढून टेबलावर ठेवली. त्याने मीटर माझ्या गळ्यापाशी आणला. काटा पडला. मग मीटर टेबलाकडे नेला आणि काटा पुन्हा चढला, थेट टोकाकडे. आम्ही दोघं त्या तपकिरी शालीकडे पाहत उभे राहिलो. मी ती इतके दिवस अंगावर घेत होते, तिच्यात तोंड खुपसून बसत होते. आता ती टेबलावर पडलेली होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

त्याने शालीचं टोक डिटेक्टरसमोर धरून पडद्यावर ऊर्जेचा आलेख काढला. सोडियमचे सुळके आपल्या जागी होते, आणि त्यांच्या डाव्या बाजूला, जिथे काहीच नसायला हवं, तिथे एक नवा सुळका उगवत होता. त्याने आकडा वाचला.

“तीनशे चौसष्ट. आयोडीन.” तो बसला. “हे आपल्याकडे नाहीच. अख्ख्या इमारतीत नाही. हे इस्पितळातलं आहे. गळ्याच्या आजारावर पाजतात. तुझ्या घरी कुणी आजारी आहे?”

“नाही,” मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला कठड्याशी बसलेल्या, नाकातोंडावर शाल लपेटलेल्या अक्का दिसल्या.

त्याने शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिशाच्या कपाटात ठेवली. मला काही होण्याइतकं ते नाही, हे त्याने मला पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी माझ्या गळ्याचं माप त्याच मीटरने आणखी दोनदा घेऊनच थांबला. गळ्यात काही निघालं नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला कळवणं भाग होतं. मी म्हटलं, “एक दिवस दे. मला आधी घरी बोलू दे.” त्याने मान डोलावली.

घरी लवकर पोचले. दुपारचं ऊन गच्चीवर होतं. अक्का वाळत घातलेल्या कपड्यांपाशी उन्हात पाठ करून बसल्या होत्या. मी नेहमीच्या जागी बसले.

“अक्का, तुम्ही हुबळीला गेलाच नव्हता ना?”

त्या हलल्या नाहीत. कितीतरी वेळ मला फक्त दोरीवरच्या ओल्या साडीचा आवाज ऐकू येत होता.

“कोण सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“माझ्या शालीने.”

मी त्यांना सगळं सांगितलं. यंत्र, मीटर, गळा. मी बोलत असताना त्यांनी पदर मागे सारला तेव्हा त्यांच्या गळ्यावरची आडवी, अजून गुलाबी असलेली शिवण मी पहिल्यांदा पाहिली. एकदाही पदर सरकू न देता त्या इतके महिने वावरल्या होत्या.

“गाठ होती,” त्या सावकाश म्हणाल्या. “उन्हाळ्यात कापली. अण्णा आणि मी, दोघंच. मुलाला पण गलगंड म्हणूनच ठाऊक. मग डाक्टर म्हणाले, मुळं राहिलीत, औषध प्यायचं आहे. त्याच्या आधी गळ्याच्या रोजच्या गोळ्या बंद केल्या. ते बंद केलं की माणूस असं होतंय बघ. थंड, जड. कोण बोललं की आत कुठंतरी लांब ऐकू येतंय.”

“आणि औषध?”

“इथंच. शहरातच. एका खोलीत ठेवले. शिशाच्या डबीतनं बाटली काढली, नळी घातली, पी म्हणाले, आणि सगळे पळाले. दार लावून.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “जेवण दारातनं सरकवायचे. नर्स बाहेर उभी राहून बोलायची. रोज एक माणूस यायचा, लांबनं माझ्याकडं एक यंत्र धरायचा, आकडा बघायचा, जायचा. कोण तोंडाकडं बघायचंच नाही गं, आकड्याकडंच बघायचे. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, मी मेले आणि मलाच ठाऊक नाही.”

“आणि मग सोडलं?” मी विचारलं.

“सोडताना बजावलं. गरोदर बाईजवळ जायचं नाही, लहान पोराजवळ जायचं नाही, ताट वेगळं, कपडे वेगळे. मी सगळं केलं. तुझ्यापासून पण लांबच बसले की मी. एवढ्या लांब.” त्यांनी हाताने गच्चीची रुंदी दाखवली. मग हात तसाच हवेत राहिला. “शालीचं माझ्या डोक्यात आलं नाही. देवा. पोरी, तुला काय झालं तर?”

“मला काही झालेलं नाही. आमच्या लोकांनी तपासलं.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी डोळे पुसले, आणि मग लगेच, त्या मानाने फारच लगेच, म्हणाल्या, “सुनेला सांगायचं नाही.”

“का?”

“पहिलं आहे तिचं. कॅन्सर म्हणून कळलं की घाबरेल. आणि अंगातनं असलं काय काय निघतंय म्हणून कळलं की? तिला वाटेल पोराला लागलं. आयुष्यभर वाटत राहील. त्यापेक्षा सासू वाईट आहे असं वाटू दे. ते बरं.”

“तिला ते वाटत नाहीये, अक्का. तिला वाटतंय, तिच्या पोटातल्या बाळात तुम्हाला काहीतरी अशुभ दिसलं. नाहीतर तुमच्या अंगात दुसरं कुणीतरी शिरलंय. तिची आई माणूस आणणार आहे, तुमच्यातलं भूत काढायला. आणि मग तिला घेऊन जाणार आहे.”

या वेळी उत्तर यायला इतका वेळ लागला की मला वाटलं येणारच नाही. अक्का उठल्या. भिंत धरत जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तिथून खाली पाहून त्यांनी हाक मारली. तो घोगरा, फाटका आवाज अंगणात घुमला. सून मागच्या दारातून बाहेर आली आणि वर पाहताच जागच्या जागी थांबली.

“तिथंच बस,” अक्का म्हणाल्या. “खालच्या पायरीवर. वर यायचं नाही.”

ती बसली. अक्का वरच्या पायरीवर बसल्या. मधला सगळा जिना रिकामा. मी आत जायला निघाले तर अक्कांनी हातानेच मला थांबवलं. मग त्यांनी गळ्यावरचा पदर काढला.

त्या हळूहळू बोलत होत्या. वाक्याच्या मध्ये थांबत, पुन्हा सुरू करत. सून ऐकत बसली. पण जेव्हा अक्का म्हणाल्या, “तुझ्या पोटातलं बघून नाही गं मागं सरले, माझ्या गळ्यातलं तिकडं जाऊ नये म्हणून सरले,” तेव्हा ती एकदम उठली आणि जिना चढायला लागली.

“नको!” अक्का ओरडल्या. सुनेने दोन पायऱ्या ओलांडल्या होत्या. अक्का उठून मागे मागे जाऊ लागल्या, अगदी तशाच, कठड्याला पाठ टेकेपर्यंत. सून थांबली. तिने ते या आधीही पाहिलं होतं, पण या वेळी ती काय पाहते आहे हे तिला कळत होतं. ती वळली, खाली उतरली आणि पुन्हा शेवटच्या पायरीवर बसली. मग मान वर करून, रडत रडत विचारलं, “अत्ते, जेवलात का?”

बराच वेळ गेला. “न्हाई अजून,” अक्का म्हणाल्या.

त्या संध्याकाळी जेवणाचं ताट सुनेने केलं आणि मी वर नेऊन अक्कांच्या दाराशी ठेवलं. अण्णा दुकानातून आले तेव्हा घरातल्या सगळ्यांना ठाऊक असल्याचं पाहून ते चपला न काढताच ओसरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. इतके महिने ते दुकानात गिऱ्हाईकांसमोर हसत बसत होते. मुलाला होसूरला फोन गेला. तुमकूरचा माणूस आला नाही, पण तुमकूरची आई आली, आणि लेकीला बाळंतपणासाठी ठरल्यापेक्षा थोडं लवकर घेऊन गेली. तेच शहाणपणाचं होतं. जाताना सून जिन्याखाली उभी राहून वर हात करून गेली.

सुरक्षा अधिकाऱ्याने माझी चौकशी केली, कागद भरून घेतले आणि ‘बाहेरून आलेलं’ असा शेरा मारून प्रकरण मिटवलं. आठवड्यागणिक शालीतलं आयोडीन निम्मं निम्मं होत गेलं. माझं काम पुन्हा सुरू झालं. खरा डिले, खोटा डिले, मोजणी, वजाबाकी. पण त्यानंतर कितीतरी दिवस खोट्या डिलेवर एखादी टिक् झाली की मी आधी मागे वळून दाराकडे पाहायचे.

तुमकूरला मुलगी झाली. अक्कांच्या गोळ्या सुरू होऊन त्यांचा आवाज बराचसा परत आला, चेहऱ्यावरची सूज उतरली आणि त्या पुन्हा घरभर बोलू लागल्या. नातीला मांडीवर घेऊन त्या गच्चीवर बसत तेव्हा खालच्या गल्लीला ऐकू जाई.

वर्षाने तपासणीत पुन्हा काहीतरी सापडलं आणि दुसऱ्यांदा औषध घ्यावं लागलं. तोवर मला हॉस्टेलात खोली मिळाली होती. या वेळी काही लपवलेलं नव्हतं. इस्पितळातून आल्यावर अक्का थेट माझ्या जुन्या खोलीत राहायला गेल्या. सुनेला सगळ्यांनी सांगितलं की मुलीला घेऊन माहेरी जा, पण ती गेली नाही. तिने जिन्याच्या पायथ्याशी एक रुंद फळी आडवी ठोकून घेतली आणि ताट वर न्यायचं काम अण्णांकडे दिलं.

मी माझं राहिलेलं सामान न्यायला एका सकाळी गेले. मुलगी तेव्हा नुकतीच धरून उभी राहायला लागली होती. ती फळी दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि वर पाहून ओरडत होती. रडत नव्हती, नुसतं बोलावत होती, सारखं एकच अक्षर. मी वर पाहिलं. अक्का सर्वांत वरच्या पायरीवर बसल्या होत्या, जिन्याकडे पाठ करून. त्यांचा चेहरा दिसला की मुलगी फळीवर चढू बघायची, म्हणून त्या तशा बसत, असं सून मला म्हणाली. रोज सकाळी बसतात, तिला ऐकायला. ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं आणि पाठ अजिबात हलत नव्हती. मुलगी ओरडत राहिली. शेवटी ती दमली, तिचे हात सुटले आणि ती फतकल मारून खाली बसली. सुनेने तिला उचललं आणि आत नेलं.

दार लागल्याचा आवाज ऐकल्यावरच अक्कांनी मान वळवली.